कुठला ग्लॉकस?

माझी थोरली बहीण सुमनताई पुण्याहून फोन करते तेव्हा शेजारच्यांना अजूनही अभिमानाने सांगत असते, "आमचा शरद बोटीवर होता." मी दर वेळी सांगतो, "ताई, मी बोटीवर नव्हतो, बोटींसाठी होतो." त्यावर तिचा हिरमोड होतो. बोटीवरचा माणूस घरी परफ्यूम आणतो, ब्लँकेटं आणतो. बोटींसाठी असलेला माणूस फक्त थकून येतो. आता निवृत्त झालोय, इथे सिंगापूरला मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून समोर उभी जहाजं बघतो, आणि ताईला फोनवर जे कधी नीट समजावता आलं नाही ते लिहून काढतो.

मी सिंगापूरमध्ये शिपिंग एजंट होतो. जहाज परक्या बंदरात येतं तेव्हा तिथे त्याचं कुणी नसतं. त्याला इंधन हवं असतं, पाणी हवं असतं, परवाने हवे असतात. कॅप्टनची दाढ दुखत असते. स्वयंपाक्याला कोथिंबीर संपल्याचं दुःख झालेलं असतं. कुणाच्या कराराची मुदत संपलेली असते, त्याला उतरवून विमानात बसवायचं असतं आणि त्याच्या जागी आलेल्याला वर चढवायचं असतं. हे सगळं जो किनाऱ्यावरून करतो तो एजंट. लग्नात मुलाकडच्यांची उठबस बघायला एक माणूस नेमलेला असतो ना, ज्याला सगळे हाका मारतात पण जेवायला बसा असं कुणी म्हणत नाही, तो मी.

या धंद्यात पैसा, वादळ, चाचे यांचा त्रास होतो असं लोकांना वाटतं. माझी अर्धी हयात एका ग्रीक नावाने खाल्ली.

त्याचं असं झालं. आमच्या ऑफिसचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे ग्रीसमधले दोन भाऊ. थोरला थानासिस, धाकटा पेत्रोस. बापाने जहाजांचा धंदा उभा केला आणि मुलांनी, जगात सगळीकडे होतं तसं, वाटण्या केल्या. बापाच्या पहिल्या जहाजाचं नाव होतं ग्लॉकस. ते जहाज कधीच भंगारात गेलं होतं, पण नाव वाटता येईना. मग दोघांनीही आपापल्या एकेका जहाजाला तेच नाव दिलं. वेगवेगळ्या देशांच्या झेंड्याखाली एकाच नावाची कितीही जहाजं फिरू शकतात. हरकत फक्त एकाच झेंड्याखाली एका नावाची दोन असण्याला असते.

मी थोरल्याच्या कॅप्टनला एकदा विचारलं, हा ग्लॉकस कोण? मला वाटलं होतं कुणीतरी मोठा देव असेल. तो म्हणाला, मोठ्या देवांची नावं मोठ्या कंपन्यांनी आधीच पळवली आहेत, आमच्या वाट्याला किरकोळ लोक येतात. ग्लॉकस हा क्रीटच्या राजाचा लहान मुलगा. उंदरामागे धावता धावता मधाच्या रांजणात पडला आणि मेला. राजाने एका ज्योतिष्याला त्या प्रेताबरोबर कोंडलं आणि सांगितलं, याला जिवंत केल्याशिवाय तू बाहेर यायचं नाहीस. ज्योतिष्याने कुठलीशी वनस्पती शोधून पोराला उठवलं. गोष्ट मला आवडली. पुढच्या आठवड्यात मी धाकट्याच्या जहाजावर गेलो तेव्हा तिथल्या कॅप्टन यानिसला ती ऐकवून शहाणपणा दाखवायला गेलो. तो भडकला.

"तो? मधातला? ते लेकरू म्हणजे काय ग्लॉकस आहे? खरा ग्लॉकस कोळी होता! औषधी गवत खाऊन समुद्राचा देव झाला. जहाजाला कुणाचं नाव द्यायचं, समुद्राच्या देवाचं की रांजणात बुडणाऱ्याचं?"

मग मी घरी येऊन वाचायला लागलो, आणि डोक्याला हात लावला. ग्लॉकस नावाची माणसं ग्रीक पुराणात पैशाला पासरी. एक ग्लॉकस भर युद्धात शत्रूसमोर उभा राहिला. त्याने आपलं घराणं सांगताच शत्रूच म्हणाला, थांब, आपल्या आजोबांची ओळख होती. मग दोघांनी लढणं सोडून चिलखतांची अदलाबदल केली. ग्लॉकसने सोन्याचं दिलं आणि काशाचं घेतलं. आपल्याकडेही गाव आणि आडनाव विचारलं की रणांगणातसुद्धा नातं निघेल, त्यामुळे मला तो अगदी घरचा वाटला. आणखी एका ग्लॉकसला त्याच्या स्वतःच्या घोड्यांनी खाल्लं. या शेवटच्याचं नाव तिसऱ्याच एका मालकाने आपल्या जहाजाला दिलेलं होतं, आणि ते जहाज जिवंत गुरं वाहून नेणारं होतं. मालकाने गोष्ट अर्धीच वाचली असावी. त्या जहाजाचा कॅप्टन मात्र पूर्ण वाचून होता. तो गुरांच्या मजल्यावर एकटा कधी जात नसे.

तर असे तीन ग्लॉकस. कधीकधी तिघेही एकाच दिवशी सिंगापूरसमोर नांगर टाकून उभे. सकाळी फोन वाजायचा, "ग्लॉकसला पाणी पाठवा," आणि ऑफिसातून एका सुरात प्रश्न यायचा, "कुठला ग्लॉकस?" कोळ्याच्या ग्लॉकससाठी मागवलेली पालेभाजी गुरांच्या ग्लॉकसवर गेली आणि कुणी काय खाल्लं ते आम्ही विचारलं नाही.

जहाजाला एक नंबर असतो, जन्मापासून भंगारापर्यंत तोच. तो वापरला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण फोनवर सात आकडे कोण सांगतो? माणसं नावानेच बोलतात. म्हणून मी एक तोडगा काढला, आणि तो काढण्यासाठी मराठी असावं लागतं. मी जहाजांना मधलं नाव दिलं. आपल्या शाळेत एका वर्गात तीन संजय कुलकर्णी असले तरी बाईंचं काही अडत नसे; हजेरीत वडिलांचं नाव असायचं. तसं ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावर मी मालकाला बाप केलं. ग्लॉकस थानासिस. ग्लॉकस पेत्रोस. गुरांच्या जहाजाची मालक एक कंपनी होती, म्हणून त्याचं नुसतं ग्लॉकस गुरे.

आमच्या बॉस मॅडम टॅन. शिडशिडीत, चष्मा कपाळावर, आवाज खणखणीत, आणि वाक्याच्या शेवटी सिंगापुरी लकबीचं "लाह" नाहीतर "व्हॉट". त्यांनी फळा बघितला आणि म्हणाल्या, "नॉट बॅड. पण जहाज विकलं तर? बाप बदलणार?"

"हो. मुलीचं लग्न झालं की आमच्याकडे मधलं नाव बदलतं. वडिलांच्या जागी नवऱ्याचं."

"हां?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "माझा नवरा लिम. मी अजून टॅनच, व्हॉट. लग्न केलं, माझं नाव कुठे चूक झालं?"

मी उत्साहात पुढे सांगून बसलो, की काही घरांत तर मुलीचं पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो.

"सगळंच बदलतं? मग तिची आई तिला काय म्हणून हाक मारते?"

"आई जुन्याच नावाने."

"ओके लाह," त्या म्हणाल्या. "जोवर आई आहे तोवर ठीक."

माझी पद्धत मस्त चालली. लाँचवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जहाजांपर्यंत माणसं नेणाऱ्या छोट्या बोटींचे चालक, तेही "ग्लॉकस थानासिस" म्हणायला लागले. मी घरी मृदुलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की तुझ्या नवऱ्याने सिंगापूर बंदराला मराठी वळण लावलं. ती खिडकीत चहा घेत समोरची जहाजं बघत होती. "छान," एवढंच म्हणाली.

आता प्रसाद. गुहागरकडचा मुलगा, मधातल्या ग्लॉकसवर, म्हणजे थानासिसच्या जहाजावर फिटर. इंजिनात जे मोडतं ते जोडणारा. सिंगापूरला जहाज आलं की मी त्याच्यासाठी मृदुलाच्या हातची चटणी घेऊन जायचो आणि तो मला "काका" म्हणायचा. त्याची मुदत केव्हाच संपली होती. दोनदा वाढवून घेतली होती, कारण बदली माणूस मिळत नव्हता. आणि आता त्याचं लग्न ठरलं होतं. मुहूर्त आठवड्यावर आलेला. जहाज इंधन घ्यायला सिंगापूरला येणार, संध्याकाळी निघणार, आणि पुढचं बंदर थेट आफ्रिकेच्या पलीकडच्या किनाऱ्यावर. इथे उतरला तर लग्न, नाहीतर पाण्यावर. बदली फिटर सेल्वम चेन्नईहून आदल्या दिवशी येऊन हॉटेलात झोपला होता. सगळं चोख होतं.

त्याच आठवड्यात थानासिसने आपला ग्लॉकस विकला. एका मध्यस्थाला विकला आणि मध्यस्थाने तो पेत्रोसला दिला. थोरल्याला कळलं तेव्हा व्यवहार होऊन गेला होता. सोन्याचं चिलखत देऊन काशाचं घेणं त्या नावाच्या नशिबातच असावं. कर्मचारी तेच, कॅप्टन तोच, फक्त मालक बदलला. आणि मी, नियमाने चालणारा माणूस, कागद हाती येताच फळ्याजवळ गेलो, "थानासिस" पुसलं आणि तिथे "पेत्रोस" लिहिलं. मुलगी सासरी गेली, मधलं नाव बदललं. त्याच्या खालच्याच ओळीत आधीचा ग्लॉकस पेत्रोस होता हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण ते डोक्यात शिरायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडावी लागली.

सकाळी लाँचवाल्याला निरोप गेला: सेल्वमला ग्लॉकस पेत्रोसवर सोडा, प्रसादला घेऊन या. तो बिचारा नेहमीच्या ग्लॉकस पेत्रोसवर गेला. कॅप्टन यानिसच्या, कोळ्याच्या ग्लॉकसवर. सेल्वमने जहाजाच्या नाकावरचं नाव वाचलं, कागदावरचं वाचलं, जुळलं, आणि शिडी चढला. यानिसकडे कितीतरी दिवस फिटर नव्हता. देवाने पाठवला म्हणून त्याने सेल्वमला जेवू घातलं आणि कामाचे कपडेही दिले. लाँच रिकामी परत आली. लाँचवाला म्हणाला, "तिथे उतरणारा कुणी नाही, बॉस."

तेवढ्यात प्रसादचा फोन. "काका, मी बॅग घेऊन शिडीपाशी उभा आहे. इंधनाची बोट सुटलीसुद्धा. लाँच कुठाय?"

मी फळ्याकडे बघितलं. एकाखाली एक, दोन ग्लॉकस पेत्रोस. माझ्याच अक्षरात.

वायरलेसवर "ग्लॉकस, ग्लॉकस" असा पुकारा केला तर दोन्ही जहाजांनी उत्तर दिलं, आणि मग मला बाजूला ठेवून दोन कॅप्टन एकमेकांशी ग्रीकमध्ये भांडायला लागले. प्रसादचा कॅप्टन म्हणत होता, बदली आल्याशिवाय मी फिटर सोडणार नाही, मला इंजिन चालवायचंय. त्याचंही चूक नव्हतं. मधाच्या रांजणात मी प्रसादला घातलं होतं आणि त्याला बाहेर काढणारा दुसऱ्याच जहाजावर जेवत होता.

मी स्वतः लाँच घेऊन यानिसकडे गेलो. यानिस शिडीच्या वर हात बांधून उभा.

"माझ्या जहाजाचं नाव काय?" त्याने विचारलं.

"ग्लॉकस."

"मालक?"

"पेत्रोस."

"तुमच्या कागदावर काय लिहिलंय?"

"ग्लॉकस, पेत्रोस."

"मग हा फिटर माझा. शिवाय आता दोन्ही जहाजं एकाच मालकाची. उजव्या खिशातलं डाव्यात पडलं, मालकाचं काय गेलं?"

माझीच पद्धत तो मला शिकवत होता आणि तिच्यात एकही भोक सापडेना. मी नियम सांगितले, त्याने खांदे उडवले. मी विनवलं, त्याने कॉफी मागवली. पलीकडे मधातल्या ग्लॉकसचा नांगर उचलायची तयारी दिसत होती. डेकवर बॅगेजवळ एक ठिपका उभा होता. तो प्रसादच होता की दुसरा कुणी, देव जाणे.

मग मला त्याचा कोळी आठवला.

"कॅप्टन, तुमचा ग्लॉकस देव झाला, मान्य. पण त्याचं लग्न झालं का?"

तो कॉफीचा कप धरून थांबला. त्याला गोष्ट माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. कोळी ग्लॉकस एका मुलीच्या प्रेमात पडला, मदत मागायला भलत्याच दारात गेला. ती दारातली बाई होती चेटकीण. तिने याला स्वतःसाठी ठेवायला बघितलं आणि त्या मुलीची राक्षसीण करून टाकली. देव समुद्रात एकटाच राहिला.

"नाही झालं," यानिस म्हणाला.

"समोर जो मुलगा बॅग घेऊन उभा आहे त्याचं येत्या आठवड्यात आहे. त्याची मदतही भलत्याच दारात येऊन पडली आहे आणि इथे तिला ठेवून घेतलंय. तुमच्या ग्लॉकसचं राहिलं ते राहिलं. माझ्या पोराचं तरी होऊ दे."

यानिस इतका हसला की कॉफी बशीत सांडली. "मी चेटकीण?" तो ओरडला, आणि सेल्वमला हाक मारली. सेल्वमने कामाचे कपडे घडी करून परत दिले, जेवणाबद्दल आभार मानले आणि माझ्यामागून शिडी उतरला. अख्ख्या दिवसात त्याने एक प्रश्नही विचारला नाही.

प्रसाद लाँचमध्ये उतरला तेव्हा त्याच्या बॅगेचा पट्टा त्याने इतका घट्ट धरला होता की बोटं सोडवावी लागली. मागे जहाजाने लगेच नांगर उचलला. मी त्याला विमानतळावर सोडलं आणि ऑफिसात आलो. मॅडम टॅन फळ्यासमोर उभ्या होत्या. सगळी मधली नावं पुसलेली, प्रत्येक ग्लॉकससमोर सात आकडे.

"मिस्टर दामले," त्या म्हणाल्या, "नंबर लग्न करत नाही, ओके?"

एका झेंड्याखाली दोन ग्लॉकस चालणार नव्हते, त्यामुळे विकत घेतलेलं जहाज आपल्या झेंड्याखाली आणताना पेत्रोसने त्याचं नाव बदलून थोआस केलं. त्या नावाचेही ग्रीक पुराणात पाच-सहा जण आहेत, पण मी कुणाला बोललो नाही. ते जहाज नंतर सिंगापूरला आलं तेव्हा मी जवळून बघितलं. जहाजाचं नाव पत्र्यावर वितळलेल्या लोखंडाने उठवलेलं असतं. वर कितीही रंग दिला तरी उन्हाची तिरीप पडली की खालची अक्षरं दिसतात. थोआसच्या खाली ग्लॉकस स्पष्ट वाचता येत होतं.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. गुहागरला पोचल्यावर प्रसादचा फोन आला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, मृदुलालाही ऐकू यावं म्हणून. खूप आभार मानून झाले आणि मग तो म्हणाला, "काका, एक अडचण झाली आहे. मुलीचं नाव पूजा. माझ्या बहिणीचं पण पूजाच. आई म्हणते, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, ताटात नवं नाव लिही. तुम्हाला नावांची एवढी माहिती. सुचवा ना एखादं."

मला गुदगुल्या झाल्या. निवृत्तीच्या तोंडावर अखेर कुणीतरी माझ्या विद्येची किंमत केली होती. मी खुर्ची पुढे ओढली. "बरोबर आहे आईंचं, घोटाळे होतात. थांब हं, प पासूनच हवंय का?"

मृदुलाने माझ्या हातातून फोन घेतला.

"प्रसाद, तुझी बहीण असते कुठे?"

"लग्न झालं ना काकू तिचं. ती चिपळूणला, सासरी."

"मग तुझ्या घरात दुसरी पूजा आहे कुठे? ती माहेरपणाला येणार चार दिवस. तेवढ्या चार दिवसांत घोटाळा होऊ नये म्हणून या मुलीने जन्मभराचं नाव सोडायचं? आणि तिकडे तुझ्या बहिणीच्या सासरी आणखी एखादी पूजा निघाली, म्हणजे?"

मी पुढे ओढलेली खुर्ची मागे सरकवली.

"नाही, म्हणजे... पद्धत आहे, काकू," प्रसाद म्हणाला.

"पद्धत मला सांगू नकोस. तुला समुद्रातून कुणी काढायला गेलं तेव्हा तू प्रसादच होतास ना? तुझं नाव बदललेलं असतं तर कुणाला हाक मारली असती?" तिने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

माझी बायको लग्नाआधी सुमन होती. सुमन आपटे. माझ्या बहिणीचं नाव सुमन, म्हणून आमच्या ताटात मी मृदुला लिहिलं. ताईचं लग्न माझ्या आधीच होऊन ती सासरी गेली होती. आमच्या घरात सुमन नावाचं कुणी नव्हतंच. हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही, आणि तीन-तीन ग्लॉकस मी रोज वेगळे करत होतो. तिची आई होती तोवर फोनवर "सुमे" अशी हाक यायची. त्या गेल्या आणि ती हाकही गेली. वाईट वाटलं, फार वाटलं, हे इथे सरळच लिहितो.

लग्नानंतर प्रसादने फोटो पाठवला. ताटातले तांदूळ, अंगठी धरलेलं बोट, आणि तांदळात ठसठशीत अक्षरं: पूजा. शेजारी आई जरा रुसलेल्या, बाकी सगळे हसताहेत. मी फोटो मृदुलाला दाखवला. तिने तो मोठा करून तांदळातलं नाव वाचलं आणि फोन परत दिला.

संध्याकाळी ती नेहमीसारखी खिडकीत बसली होती. समोर जहाजांवर दिवे लागायला सुरुवात झाली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, घसा साफ केला आणि हाक मारली.

"सुमन, चहा टाकू का?"

ती वळली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, "सुमन."

"सुमनताई पुण्याला असतात," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "फोन लावून देऊ का?"